अजस्र संख्येचं वर्गमूळ: एकही अंक न चुकता काढायचं कसं

४५०३५९९७६१५८८२२४. ही संख्या मोबाइलवरच्या पायथनला द्या, मॅथ मॉड्यूलमधल्या एसक्यूआरटीने वर्गमूळ काढा आणि इंटने त्याचा पूर्णांक करा. उत्तर येईल ६७१०८८६५. आता या उत्तराचा वर्ग करून बघा: ४५०३५९९७६१५८८२२५. मूळ संख्येपेक्षा एकाने जास्त! खरं पूर्णांक वर्गमूळ ६७१०८८६४ आहे. यंत्राने एक वाढवून दिला, आणि एररचा एक शब्द न काढता दिला.

आणि ही संख्या तर अवघी १६ अंकी. शंभर अंकी, हजार अंकी संख्या आली की याच दोन ओळी लाखांनी, कोटींनी चुकतात आणि शेवटी प्रोग्रॅम आडवा पडतो. बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर करणारी, तालुक्याच्या संगणक वर्गात बसणारी, नाही तर वेचणीच्या दिवसांत घरी येऊन रात्री मोबाइलवरच कोड लिहिणारी जी पोरं-पोरी आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं सावकाश मांडतो. कोड मराठीतच लिहिलाय. पायथन, जावा, गो, ज्यात हात बसलाय त्यात उतरवून घ्या.

आधी ठरवा, नेमकं काय हवंय

पूर्णांक वर्गमूळ म्हणजे ज्याचा वर्ग दिलेल्या संख्येत बसतो असा सर्वांत मोठा पूर्णांक. वरूड-मोर्शीकडे संत्र्याची झाडं ६ बाय ६ मीटरवर लावायची रीत आहे. त्या हिशेबाने हेक्टरी २७७ झाडं बसतात. तेवढीच झाडं चौरसात लावायची म्हटली तर १६ ओळी, प्रत्येकीत १६ झाडं, म्हणजे २५६. उरली २१. इथे १६ हे वर्गमूळ आणि २१ ही बाकी. १६.६४ वगैरे उत्तराला इथे काही अर्थ नाही, अर्धं झाड कोणी लावत नाही.

मूळ 'मू' आणि संख्या 'न' असेल तर अट एवढीच:

    मू × मू ≤ न आणि न < (मू + १) × (मू + १)

ही अट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मूळ कुठल्याही पद्धतीने काढा, न्यूटनने काढा, फ्लोटने काढा, शेजाऱ्याला विचारून आणा. ही अट पाळली गेली तर उत्तर बरोबर, नाही तर चूक. तिसरी शक्यता नाही. तपासायला एक-दोन गुणाकार लागतात. एवढ्या स्वस्तात खात्री मिळत असताना ती न घेणं याला मी आळस म्हणतो. बाकी किती उरू शकते तेही यातूनच निघतं: शून्यापासून मुळाच्या दुपटीपर्यंत. बाकी त्याच्या वर गेली की मूळ कमी पडलंय हे नक्की.

फ्लोट नेमका कुठे दगा देतो

फ्लोट म्हणजे अपूर्णांकासह संख्या ठेवायचा प्रकार. बहुतेक भाषांमधला त्याचा नेहमीचा अवतार म्हणजे डबल. तो ६४ बिटांचा असतो आणि त्यात अंक साठवायला ५३ बिट मिळतात. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथपर्यंतचे सगळे पूर्णांक डबलमध्ये तंतोतंत बसतात, पुढे मधलेमधले गळायला लागतात. एवढं वाचून पुष्कळ जण ठरवून टाकतात की २ च्या ५३ व्या घातापर्यंत डबल सुरक्षित आहे. संख्या साठवायला तो सुरक्षित आहे, मूळ काढून खाली उतरवायला नाही. सुरुवातीची आपली संख्या या मर्यादेच्या निम्मीच आहे, तरी चुकली.

का चुकली? ती ६७१०८८६५ च्या वर्गापेक्षा एकाने कमी आहे. तिचं खरं मूळ ६७१०८८६५ च्या अगदी खालीच येतं, दशांशचिन्हानंतर आठ शून्यं सोडून नवव्या स्थानी फरक पडतो इतकं जवळ. त्या भागातल्या लगतच्या दोन डबल संख्यांमधलं अंतर या फरकाच्या दुपटीहून किंचित जास्त आहे. मग यंत्र जवळचा डबल निवडतं, आणि तो नेमका ६७१०८८६५ हाच निघतो. यंत्राने नियम पाळलाय. तो नियम आपल्या कामाचा नाही, इतकंच.

आता मोठा नमुना. १० च्या ४६ व्या घाताचं वर्गमूळ १० चा २३ वा घात, हे नववीतलं पोरगंही सांगेल. पण १० चा २३ वा घात ही संख्याच डबलमध्ये बसत नाही. लगतच्या दोन डबलांच्या ती बरोब्बर मधोमध पडते, दोन्हीकडे ८३,८८,६०८ चं अंतर ठेवून. म्हणजे उत्तर एक तर ८३ लाखांवर कमी येणार, नाही तर तेवढंच जास्त. बरोबर येण्याचा मार्गच नाही. आणि ३०९ अंकांच्या आसपास, साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात ओलांडला की पायथन सरळ ओव्हरफ्लो एरर देऊन हात वर करतो. एका अर्थी ते बरंच म्हणायचं, निदान कळतं तरी.

न चा ०.५ वा घात घेतला तरी हीच गत, कारण आत तोच डबल आहे. राउंड लावून सुटका नाही. आणि पायथनमध्ये भागाकाराला एक स्लॅश टाकला की उत्तर फ्लोट होतं. या लेखातला प्रत्येक भागाकार दोन स्लॅशचा, म्हणजे बाकी टाकून देणारा आहे. पोरांच्या कोडमध्ये मला सगळ्यांत जास्त वेळा सापडणारी गोष्ट हीच.

शाळेतली जोड्यांची पद्धत

उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडायच्या, हे आपण सगळ्यांनी केलंय. एक एकर म्हणजे ४३५६० चौरस फूट. (सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, पण बांधावर उभं राहून बोलताना एकरच निघतो.) जोड्या पाडल्या: ४ | ३५ | ६०. चारचं मूळ २, बाकी ०. पुढची जोडी ३५ उतरवली. आलेल्या मुळाची दुप्पट ४, त्यापुढे कोणता अंक ठेवला तर बसेल? एक्केचाळीस एके एक्केचाळीस बसत नाही, म्हणून ०. पुढची जोडी उतरवली, झाले ३५६०. मूळ २०, दुप्पट ४०, आणि ४०८ अठ्ठे ३२६४ बसतात. मूळ २०८, बाकी २९६. म्हणजे एकराचा चौरस काढला तर बाजू २०८ फुटांवर थोडी.

आलेल्या मुळाच्या दुपटीने भागत जाण्याची ही रीत आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ग्रंथात सूत्ररूपाने सांगितली आहे, वर्गस्थान आणि अवर्गस्थान असा भेद करून. प्रोग्रॅममध्ये हीच रीत दोनच्या पायात लिहितात, तेव्हा अंक फक्त ० किंवा १ असतो आणि अंदाज बांधावा लागत नाही. उत्तर बिनचूक येतं, भागाकारही लागत नाही. मायक्रोकंट्रोलरवर ३२ बिटांच्या संख्येसाठी मी आजही हीच वापरीन. हजारो अंकांसाठी नाही, कारण प्रत्येक बिटासाठी पूर्ण लांबीच्या संख्येवर हात फिरवावा लागतो.

बायनरी सर्चचंही (मधली संख्या तपासून दर वेळी निम्मा पल्ला कापत जायची रीत) तसंच. हजार अंकी संख्या म्हणजे सुमारे ३३२० बिट, मूळ १६६० बिटांचं, म्हणजे साधारण १६६० फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत एक भला मोठा गुणाकार. चालतं, पण रडतखडत.

न्यूटनची रीत, पूर्णांकात

ही कामाची रीत. मूळ क्ष असेल असा अंदाज धरा. क्ष खऱ्या मुळापेक्षा मोठा असेल तर न भागिले क्ष लहान येतो, आणि खरं मूळ दोघांच्या मध्ये कुठेतरी असतं. दोघांची सरासरी काढा, तो नवा अंदाज. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावानेही ही ओळखली जाते. पूर्णांकात ती अशी उतरते (÷ म्हणजे बाकी सोडून भागाकार):

    वर्गमूळ(न):
        न < ० असेल तर चूक कळवा
        न = ० असेल तर ० परत द्या
        क्ष ← २ चा घात ((बिटसंख्या(न) + १) ÷ २)
        पुन्हा पुन्हा:
            य ← (क्ष + न ÷ क्ष) ÷ २
            य ≥ क्ष असेल तर क्ष परत द्या
            क्ष ← य

एकरावर चालवून बघू. ४३५६० ला १६ बिट लागतात, म्हणून सुरुवात २ च्या ८ व्या घाताने, २५६.

    क्ष = २५६, न ÷ क्ष = १७०, य = २१३
    क्ष = २१३, न ÷ क्ष = २०४, य = २०८
    क्ष = २०८, न ÷ क्ष = २०९, य = २०८ → थांबा, उत्तर २०८

तीन फेऱ्यांत काम झालं. शून्याची ओळ वेगळी का ठेवली? ती नसेल तर पहिल्या फेरीत क्ष शून्य होतो आणि दुसऱ्या फेरीत शून्याने भागाकार.

सगळी मेख तीन जागी आहे.

पहिली, सुरुवात. ती खऱ्या मुळापेक्षा खाली असता कामा नये. एकरासाठी १०० पासून सुरू केलं तर न ÷ क्ष ४३५ येतो, य २६७ येतो, तो क्षपेक्षा मोठा आहे, म्हणून प्रोग्रॅम पहिल्याच फेरीत थांबतो आणि मूळ १०० असं सांगून मोकळा होतो. वरून सुरुवात केली की ही भीती नाही: दोन संख्यांची सरासरी त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाहून कधीच लहान नसते, त्यामुळे बाकी सोडून दिली तरी य आपल्या उत्तराच्या खाली घसरत नाही. मग थेट न पासूनच सुरुवात का नको? बरोबर उत्तर येईल, पण दूर असताना प्रत्येक फेरीत क्ष फक्त निम्मा होतो. हजार अंकी संख्येला साडेसोळाशेवर फेऱ्या नुसत्या जवळ यायलाच जातील. बिटसंख्येवरून सुरुवात केली तर डझनभर फेऱ्यांत संपतं, कारण एकदा जवळ आलं की बरोबर अंकांची संख्या दर फेरीला दुप्पट होत जाते.

दुसरी, थांबायची अट. इथेच मोबाइल तापतात. वर्गात एका मुलाने 'क्ष आणि य सारखे झाले की थांब' असं लिहिलं होतं. १०८९ ला, म्हणजे एका गुंठ्याच्या चौरस फुटांना, झटकन ३३ आलं. शंभर ठिकाणी बरोबर उत्तर येऊन त्याचा विश्वास बसला. मग १०८८ दिले आणि स्क्रीन तशीच. "सर, हे तं थांबतच नाही ना." त्याला म्हटलं, क्ष आणि य प्रत्येक फेरीला छाप. ओळी सरकायला लागल्या: ३२, ३३, ३२, ३३, ३२, ३३... बॅटरी १२ टक्क्यांवर, लाईट गेलेली, आणि पडद्यावर तेच दोन आकडे.

कारण हातानेही सापडतं. क्ष ३२ असताना १०८८ ÷ ३२ = ३४, सरासरी ३३. क्ष ३३ असताना १०८८ ÷ ३३ = ३२, सरासरीतला अर्धा गळून ३२. एखाद्या पूर्ण वर्गापेक्षा एकाने कमी असलेल्या प्रत्येक संख्येवर हा झोका सुरू होतो. वरच्या कोडमधली अट 'य कमी होईना झाला की थांब' अशी आहे, त्यामुळे ६४, ४०, ३३, ३२ असं उतरून चौथ्या फेरीला तो ३२ वर थांबतो. कोड वाचताना या दोन अटी जवळजवळ सारख्या वाटतात, म्हणून सांगतो.

तिसरी जागा तपासणीची. वरची रीत गणिताने सिद्ध होते, तपासणी न करताही उत्तर बरोबरच येईल. पण तुम्ही ती टाइप करताना चुकणार नाही हे कुठे सिद्ध झालंय? परत देण्याआधी अट तपासून बघणारी ओळ टाका. प्रोग्रॅम पक्का झाल्यावर काढायची तर काढा.

फ्लोटला हाताशी धरायचं, मालक करायचं नाही

डबल शेवटचा अंक चुकवतो, पण पहिले पन्नासेक बिट तो क्षणात बरोबर देतो. मग सुरुवातीचा अंदाज त्याच्याकडून घ्यायचा.

    सरक ← बिटसंख्या(न) − १०४
    सरक ऋण असेल तर ० करा. विषम असेल तर १ मिळवा
    वरचा ← न उजवीकडे 'सरक' बिट सरकवून
    क्ष ← (पूर्णांक(फ्लोटमूळ(वरचा)) + २) डावीकडे 'सरक ÷ २' बिट सरकवून

यापुढे वरचीच फेरी. हजार अंकी संख्येला डझनाऐवजी सहा-सात फेऱ्या पुरतात. सरक सम असायलाच हवी, कारण विषम बिट सरकवले तर मुळात दोनच्या वर्गमुळाचा फरक पडतो. आणि अधिक २ शोभेसाठी नाही: डबलच्या गोळाबेरजेत आणि पूर्णांक करताना मिळून जे गळतं ते दोनपेक्षा कमी असतं, त्यामुळे दोन मिळवले की आपण खऱ्या मुळाच्या वरच राहतो. ते विसरलात तर एकराला १०० पासून सुरुवात करणाऱ्यासारखी गत व्हायची.

६४ बिटांत बसणाऱ्या संख्येला एवढाही खटाटोप नको. डबलने मूळ काढा, मग वर्ग जास्त होतोय तोवर एक कमी करत जा, पुढचा वर्ग बसतोय तोवर एक वाढवत जा. सी++ मध्ये हे करताना मू × मू स्वतःच ६४ बिटांबाहेर जाऊ शकतो, म्हणून तुलना 'मू ≤ न ÷ मू' अशी लिहा. लाँग डबलच्या भरवशावर राहू नका: इंटेल यंत्रावर जीसीसी त्याला ८० बिट देतो, मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ६४ च देतो. कॉलेजच्या लॅबमध्ये पास झालेला कोड दुसऱ्या यंत्रावर नापास होतो तो असा.

लाखो अंकांसाठी: मोठ्या अंकांच्या जोड्या

इथून पुढचं सगळ्यांना लागणार नाही, पण मला स्वतःला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. १९९९ साली पॉल झिमरमन यांनी मांडलेली रीत म्हणजे शाळेतलीच जोड्यांची रीत, फक्त एकेक अंकाऐवजी संख्येचा चतुर्थांश हाच एक 'अंक' धरायचा. जीएमपी या प्रसिद्ध लायब्ररीत मोठ्या संख्यांची मुळं याच धर्तीवर निघतात.

संख्येचे चार समान तुकडे करा: अ, आ, इ, ई. तुकड्याचा पाया प (एका अंकाचा तुकडा असेल तर १०, दोन अंकांचा असेल तर १००). पहिल्या दोन तुकड्यांचं मूळ आणि बाकी याच रीतीने काढा, म्हणजे फंक्शन स्वतःलाच हाक मारतं. मग:

    (मू, बा) ← मूळबाकी(अ × प + आ)
    (भा, उ) ← (बा × प + इ) ला (२ × मू) ने भागून भागाकार, उरलेलं
    मू ← मू × प + भा
    बा ← उ × प + ई − भा × भा
    बा ऋण असेल तर: बा ← बा + २ × मू − १, आणि मग मू ← मू − १

चार गुंठे म्हणजे ४३५६ चौरस फूट. प = १०, तुकडे ४, ३, ५, ६. ४३ चं मूळ ६, बाकी ७. ७५ ला १२ ने भागा: ६, उरले ३. मूळ ६६. बाकी ३० + ६ − ३६ = ०. चार गुंठ्यांचा चौरस बरोब्बर ६६ फुटांचा. आता एक चौरस फूट कमी करा, ४३५५. सगळं तसंच, पण बाकी ३५ − ३६ म्हणजे −१. ऋण आली, म्हणून बाकी −१ + १३२ − १ = १३० आणि मूळ ६५. पडताळा: ६५ चा वर्ग ४२२५, अधिक १३०, झाले ४३५५.

मुळाच्या दुपटीने भागणं इथेही आहेच. आर्यभटापासून दीड हजार वर्षं ते बदललेलं नाही. दुरुस्ती एकदाच लागते, दोनदा कधी नाही, पण त्यासाठी एक पथ्य आहे: पहिला तुकडा पायाच्या चतुर्थांशाहून लहान नको. लहान असेल तर संख्येला आधी ४ च्या योग्य घाताने गुणून घ्या आणि शेवटी मूळ २ च्या तेवढ्याच घाताने भागा. तेव्हा बाकी नव्याने काढावी लागते, हे ध्यानात असू द्या. तुकडे ६४ बिटांत बसण्याइतके लहान झाले की वरची डबल-अधिक-दुरुस्तीची रीत लावून थांबा.

फायदा असा की पूर्ण लांबीचं काम फक्त शेवटच्या पायरीला होतं, त्याआधीच्या पायऱ्या निम्म्या, चौथ्या, आठव्या लांबीच्या. भाषेचा गुणाकार-भागाकार वेगवान असेल तर मूळही तितकंच वेगवान होतं.

दशांश हवे असतील तर

त्यासाठीही पूर्णांकच वापरा. दोनचं वर्गमूळ दहा दशांशांपर्यंत हवं? २ पुढे २० शून्यं लावा, पूर्णांक वर्गमूळ काढा: १४१४२१३५६२३. पहिल्या अंकानंतर टिंब द्या. जितके दशांश, त्याच्या दुप्पट शून्यं.

पायथनचं डेसिमल मॉड्यूलही आहे, पण ते जवळच्या अंकाला गोळा करतं. १०० वेळा ९ लिहून तयार झालेली संख्या घ्या, प्रिसिजन ६० अंकांची ठेवा. मूळ येईल १ वर ५० शून्यं. बरोबर पूर्णांक मूळ आहे ५० वेळा ९. डेसिमल वापरायचंच तर प्रिसिजन मूळ संख्येच्या अंकांहून थोडी जास्तच ठेवा आणि पहिल्या पानावरची अट लावा.

जवळचा पूर्णांक हवा असेल तर बाकी मुळापेक्षा मोठी आहे का बघा. असेल तर एक वाढवा. वरचा पूर्णांक हवा असेल, फर्माच्या रीतीने अवयव पाडताना लागतो तसा, तर (न − १) चं मूळ काढून त्यात १ मिळवा. संख्या पूर्ण वर्ग आहे का एवढंच विचारायचं असेल तर मूळ काढण्याआधी १६ ने भागून बाकी बघा. ती ०, १, ४ किंवा ९ नसेल तर संख्या पूर्ण वर्ग असूच शकत नाही. सोळातल्या बारा बाक्या दारातूनच परत जातात.

चाचणी कशी घ्यायची

रँडम संख्या टाकून काही सापडत नाही, कारण चुका पूर्ण वर्गांच्या कडेला दबा धरून असतात. शून्यापासून एक लाखापर्यंत सगळ्या संख्या चालवा. मग मोठमोठे क घेऊन क चा वर्ग, त्याहून एक कमी आणि एक जास्त, अशा तिन्ही. २ आणि ४ च्या घातांच्या आजूबाजूच्या. सुरुवातीची १६ अंकी. १०० नवांची: मूळ ५० नऊ, बाकी १ मग ४९ नऊ मग ८, म्हणजे मुळाच्या बरोब्बर दुप्पट, बाकी याहून मोठी होऊच शकत नाही. शेवटी २ पुढे १९८ शून्यं लावून मूळ काढा, १०० अंक येतील, त्यांची बेरीज ४७५ यायला हवी.

तयार काय मिळतं

पायथन ३.८ पासून (२०१९) मॅथ मॉड्यूलमध्ये आयएसक्यूआरटी आहे. ते पूर्णांकातच चालतं, कितीही अंक घेतं, पायथनसोबतच येतं; नेटवर्क पकडायला गच्चीवर चढून काही डाउनलोड करावं लागत नाही. रोजच्या कामाला हेच वापरा. स्वतः लिहायचं ते समजून घेण्यासाठी आणि जिथे तयार नाही तिथल्यासाठी. जावात बिगइंटिजरला एसक्यूआरटी ९ व्या आवृत्तीपासून आहे, गो मध्ये बिग पॅकेजात १.८ पासून, रुबीत इंटिजरवर २.५ पासून, तिन्ही २०१७ मधलं. पीएचपीत जीएमपीचं फंक्शन मिळतं. सी आणि सी++ मध्ये जीएमपी जोडा, तिथे मूळ आणि बाकी एकाच फटक्यात मिळतात. जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट आहे, त्याचं वर्गमूळ नाही, आणि मॅथमधल्या एसक्यूआरटीला बिगइंट दिला तर टाइप एरर येतो. तिथे न्यूटन स्वतः लिहा. बिटसंख्येसाठी संख्या सोळाच्या पायात स्ट्रिंग करून तिची लांबी चौपट करा. दोन-तीन बिट जास्त धरले जातील, पण सुरुवात वरूनच होते, त्यामुळे बिघडत काही नाही.

उत्तर छापताना आणखी एक अडथळा येईल. पायथन ३.११ पासून, आणि जुन्या आवृत्त्यांच्या सुरक्षा-दुरुस्त्यांमध्येही, ४३०० अंकांहून मोठा पूर्णांक दशांश स्ट्रिंगमध्ये करायला गेलं की व्हॅल्यू एरर येतो. मूळ काढताना चूक झालेली नसते, नुसतं छापणं अडवलेलं असतं. स्ट्रिंगमधून संख्या वाचतानाही हीच मर्यादा. सिस मॉड्यूलमधल्या सेट-इंट-मॅक्स-स्ट्र-डिजिट्सने ती वाढवता येते, पण लाखो अंकांचं दशांश रूपांतर स्वतःच वेळखाऊ आहे, कित्येकदा वर्गमुळाहून जास्त. म्हणून अंक मोजायला स्ट्रिंगची लांबी घेऊ नका, बिटसंख्या घ्या. आणि मधली उत्तरं फाइलमध्ये ठेवायची असतील तर सोळाच्या पायात ठेवा. त्याला ही मर्यादा लागत नाही आणि रूपांतरही झपाट्याने होतं.